ट्रॅक्टर थंड असताना बघायला जा

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबांबरोबर एक जुना ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा मालकाने तो अंगणात काढून, धुऊन, चालू करून ठेवला होता. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवलाय," तो म्हणाला. आम्हाला ते सौजन्य वाटलं. बाबांनी शेतात दोन फेऱ्या मारल्या, चहा झाला, इसार दिला. पुढच्या थंडीत तो ट्रॅक्टर सकाळी सुरूच होईना. धक्का मारून सुरू केला की निळा धूर. शेवटी इंजिन खोललं, लायनर-पिस्टनचं काम निघालं, आणि त्या वर्षी हरभऱ्याची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर झाली. बाबा मला काही बोलले नाहीत. पण 'सायन्सला असलेला मुलगा' सोबत होता आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, हे मला पुरतं कळलं होतं.

यंदा काकांना ४५ एचपीच्या आसपासचा जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता. त्यांचा फोन आला, "तू संशोधन करतोस ना, मग चल बघायला." मला आजही इंजिन खोलता येत नाही. पण पुरावा कसा पारखायचा हे गेली चार वर्षं शिकतोय. तयारी करताना लक्षात आलं की संशोधन पद्धतीच्या पेपरात जे धडे कोरडे वाटतात ते जवळजवळ सगळे या एका व्यवहारात सापडतात. पीएचडीची तयारी करणाऱ्यांसाठी म्हणून ते इथे क्रमाने मांडतोय.

१. आधी प्रश्न नीट मांडा

"ट्रॅक्टर चांगला आहे का?" हा तपासता येईल असा प्रश्न नाही. अभियांत्रिकीत विश्वासार्हतेची व्याख्या अशी करतात: ठरलेलं काम, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत बिघाड न होता होण्याची शक्यता. यात तीन गोष्टी भराव्या लागतात: काम, परिस्थिती आणि काळ. काकांची बारा एकर जमीन, सोयाबीन-हरभरा, रोटाव्हेटर आणि घरची ट्रॉली. वर्षाला साधारण ४०० तास काम, आणि तीन वर्षं मोठा खर्च निघू नये अशी अपेक्षा. मग प्रश्न असा झाला: रोटाव्हेटर आणि ट्रॉलीच्या कामात पुढचे १२०० तास इंजिन, गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिकचं मोठं काम न निघता जाण्याची शक्यता किती?

इथे 'स्थिती' आणि 'विश्वासार्हता' वेगळ्या झाल्या. स्थिती आजची असते, डोळ्यांना दिसते. विश्वासार्हता पुढची असते, ती फक्त अनुमानाने कळते. रंग आणि सीट स्थितीत मोडतात.

प्रश्न नीट मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. बिघाड किती वेळा होतो याच्या जोडीला दुरुस्तीला किती वेळ लागतो हेही मोजावं लागतं. समजा एक ट्रॅक्टर सरासरी २०० तासांनी बिघडतो, पण तालुक्याला पार्ट आणि मिस्त्री दोन्ही असल्यामुळे ४ तासांत उभा राहतो. दुसरा ४०० तासांनी बिघडतो, पण पार्ट लांबून मागवावा लागतो, ४० तास जातात. पहिल्याची उपलब्धता २०० भागिले २०४, म्हणजे ९८ टक्के. दुसऱ्याची ४०० भागिले ४४०, म्हणजे ९१ टक्के. कमी बिघडणारा ट्रॅक्टर इथे हरला. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर वाफसा चारच दिवस असतो. ते चार दिवस ट्रॅक्टर पार्टची वाट बघत उभा राहिला, तर वर्षभर तो किती कमी बिघडला याला अर्थ उरत नाही.

२. स्वस्त आणि निर्णायक चाचणी सगळ्यात आधी

प्रयोगशाळेत आपण महागडं उपकरण बुक करण्याआधी साधी चाचणी करून नमुना बाद होतो का ते बघतो. इथे ती चाचणी कागदपत्रांची. इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर आरसीवरच्या नंबरांशी जुळतात का? आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का? असेल तर कर्ज फिटल्याचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या हव्यात. यातलं काही जुळत नसेल तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी विषय तिथेच संपतो. याला दहा मिनिटं लागतात, आणि निर्णय हो किंवा नाही असा सरळ असतो.

३. हाच ट्रॅक्टर विकायला का आलाय?

१९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्याचा गाभा असा: वस्तू कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, वाईट गाडीचा होतो, आणि बाजारात वाईट गाड्यांचं प्रमाण वाढत जातं. या कामाचा मोठा वाटा असलेलं नोबेल त्यांना २००१ मध्ये, आणखी दोघांसोबत मिळालं.

संशोधनाच्या भाषेत हा सिलेक्शन बायस. गावातले सगळे ट्रॅक्टर हा एक समूह आणि विकायला आलेले ट्रॅक्टर हा वेगळा समूह. "अमक्याच्याकडे हेच मॉडेल वीस वर्षं चालतंय" हे वाक्य पहिल्या समूहाबद्दल, आणि त्यातही टिकून राहिलेल्यांबद्दल आहे. जे भंगारात गेले त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून विकण्याचं कारण विचारायचं, आणि ते पडताळता येणारं असावं. "मोठा ट्रॅक्टर घेतला" असेल तर तो मोठा ट्रॅक्टर दारात दिसायला हवा. "शेती वाटणीत गेली" असेल तर शेजाऱ्याला विचारता येतं. त्याच्याच जोडीला आजवर काय काम केलं ते विचारायचं. कारखान्याला दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक आणि मागचा हूक जास्त झिजलेले असतात. भातखाचरात चिखलणी केलेल्याच्या ॲक्सलच्या सीलमधून पाणी आत गेल्याची शंका धरावी लागते. 'अकरा वर्षं जुना' या एका शब्दात हे दोन अगदी वेगळे इतिहास लपतात.

४. खराब असता तर काही वेगळं दिसलं असतं का?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कुठल्याही चाचणीआधी स्वतःला विचारा: यंत्र खराब असतं तरीही मला हेच दिसलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर ती चाचणी पास झाल्याने आपल्याला काहीच कळलेलं नाही.

गरम इंजिन सुरू होणं हे याचं नमुनेदार उदाहरण. डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रिंग आणि लायनर झिजले की दाब गळतो, हवा पुरेशी तापत नाही. पण इंजिन आधीच गरम असेल तर ही उणीव भरून निघते आणि झिजलेलं इंजिनही पटकन सुरू होतं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनला ही सवलत नसते.

आकड्यांत बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. समजा विकायला आलेले २० ट्रॅक्टर आहेत, १२ ची इंजिनं ठीक, ८ ची झिजलेली. काही न बघता एक उचलला तर तो ठीक असण्याची शक्यता ६० टक्के. आता गरम असताना सुरू करून बघितले: ठीक असलेले १२ ही सुरू झाले, झिजलेल्या ८ पैकी ७ सुरू झाले. सुरू झालेले १९, त्यातले ठीक १२. म्हणजे ६३ टक्के. चाचणी केली, ट्रॅक्टर पास झाला, आणि आपण ६० वरून ६३ वर आलो. आता थंड असताना: ठीक १२ पैकी ११ सुरू, झिजलेल्या ८ पैकी फक्त २ सुरू. सुरू झालेले १३, त्यातले ठीक ११. म्हणजे ८५ टक्के. किल्ली तीच आणि आवाजही तोच, फक्त परिस्थिती बदलली आणि पुराव्याचं वजन कुठल्या कुठे गेलं. बेजचं सूत्र हेच सांगतं, आणि असं मोजून मांडलं तर ते पाठ करावं लागत नाही.

म्हणून आदल्या दिवशी मालकाला सांगायचं की सकाळी आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनजवळ आणि रेडिएटरवर हात ठेवून बघणं. आणि उलट बाजूही सोडायची नाही. थंड इंजिन सुरू झालं नाही म्हणजे लगेच ते झिजलेलं असं नाही. बॅटरी मेलेली असू शकते, डिझेलच्या नळीत हवा असू शकते. स्टार्टर जोमाने फिरतोय आणि तरी पेट घेत नाही, की स्टार्टरच रेंगाळतोय, हे बघितलं तर दोन कारणं वेगळी करता येतात.

५. एकच पुरावा तीनदा मोजू नका

नवा रंग, नवी सीट, चकचकीत बॉनेट. मनात तीन खुणा पडतात. पण हे तीन पुरावे नाहीत. विकायच्या आधी मालकाने पैसे खर्च केले, ही एकच माहिती तीन ठिकाणी दिसतेय.

हे इंजिनच्या चाचण्यांनाही लागू आहे. थंडीत सुरू न होणं, निळा धूर म्हणजे जळणारं ऑइल, आणि ऑइल भरायचं झाकण काढल्यावर तिथून जोरात येणारे हवेचे फुत्कार, या तिन्हींच्या मागे बऱ्याचदा तीच रिंग-लायनरची झीज असते. तिन्ही चांगले निघाले तरी आपण इंजिनचा एकच भाग तीन बाजूंनी बघितला. तरीही तिन्ही करायच्या, कारण तिन्ही एकाच उपायाने झाकता येत नाहीत. जाड ऑइल भरलं तर धूर आणि फुत्कार काही काळ कमी होतात, पण थंड इंजिन फिरवणं उलट जड होतं.

खरा वेगळा पुरावा हवा असेल तर उलट परिस्थिती निर्माण करावी लागते. थंड इंजिनने सुरुवात केली, आता ते पूर्ण तापवा. रोटाव्हेटर लावून किंवा भरलेली ट्रॉली चढावर ओढून तासभर काम करा. त्यानंतर रेसमधून पाय काढून नुसतं उभं चालू ठेवा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा. तापल्यावर ऑइल पातळ होतं. बेअरिंग झिजलेली असतील तर प्रेशर पडतं ते इथे, सकाळी थंड असताना नाही. रेडिएटरचा दम, गिअर सुटणं, क्लच घसरणं हेही लोडखालीच कळतं. थंड चाचणी एक आजार पकडते, गरम चाचणी दुसरा. पाच मिनिटांची रिकामी फेरी यातला एकही पकडत नाही.

६. मीटर नेमकं काय मोजतो?

प्रत्येक उपकरणाला हा प्रश्न विचारायचा. जुन्या ट्रॅक्टरांवरचा केबलचा तास-मीटर खरं तर वेळ मोजत नाही, इंजिनचे फेरे मोजतो. ठरावीक आरपीएमला त्याचा एक तास म्हणजे घड्याळाचा एक तास. समजा तो १५०० आरपीएमला जुळवलेला असेल, तर ७५० ला तासभर चाललेल्या इंजिनचा मीटरवर अर्धाच तास पडतो. शिवाय केबल तुटली की मीटर थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही.

काकांनी बघितलेल्या एका ट्रॅक्टरवर २,९५० तास होते, वय अकरा वर्षं. म्हणजे वर्षाला २७० तासही नाहीत. शेतीयंत्रांचा खर्च काढताना पाठ्यपुस्तकांत वर्षाला १००० तास धरतात. घरच्या शेतीत त्यापेक्षा कमी काम होणं अगदी शक्य आहे. पण मालक त्याच दमात सांगत होता की उन्हाळ्यात अख्ख्या गावाची नांगरट याच ट्रॅक्टरने होते. दोन्ही एकदम खरं असणं अवघड.

अशा वेळी मीटरवर भांडत बसायचं नाही, दुसरे साक्षीदार शोधायचे. क्लच-ब्रेकच्या पेडलची झीज, हुकाच्या भोकाचा लांबट झालेला आकार, पीटीओ शाफ्टच्या खाचा, लिफ्टच्या सांध्यांतली ढिलाई. टायरवर शेवटी चार आकडी तारीख असते: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. "टायर ८० टक्के आहेत" या वाक्याचा अर्थ टायर पहिलेच आहेत की गेल्या वर्षीचे, यावर पूर्ण बदलतो.

७. स्वच्छ ऑइल ही चांगली बातमी नव्हे

डिपस्टिक काढली, ऑइल मधासारखं स्वच्छ. मन खूश होतं. पण डिझेल इंजिनमध्ये नवं ऑइल थोड्याच तासांत काळं पडतं. स्वच्छ ऑइलचा अर्थ एवढाच की ते नुकतंच बदललंय. ऑइलमध्ये पाणी मिसळून दुधाळ रंग आला होता का, धातूचा चुरा होता का, हा पुरावा जुन्या ऑइलबरोबर गेला. विदागारात रिकामी जागा असली की आपण तिथे शून्य लिहीत नाही, 'माहिती नाही' लिहितो. इथेही तेच करायचं. मालकाकडे काढलेला जुना फिल्टर आहे का ते विचारायचं. आणि गिअरबॉक्सचं ऑइल न विसरता बघायचं, कारण ते बदलायला खर्च जास्त येतो आणि बहुतेक जण बदलत नाहीत.

८. विशेषण नको, आकडा घ्या

"लिफ्ट मस्त आहे." किती मस्त? ट्रॅक्टर तापलेला असताना रोटाव्हेटर पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासून ठरलेल्या एका बिंदूची उंची टेपने मोजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. हे तीनदा करा. उचललेल्या औजाराखाली हात-पाय घालायचा नाही, मोजमाप बाजूने उभं राहून घ्यायचं. तीन आकडे मिळाले की सरासरी कळते आणि आपल्या मोजण्यातली चढउतारही कळते. दोन ट्रॅक्टरांतला फरक त्या चढउतारापेक्षा मोठा असेल तरच तो फरक.

नव्या मॉडेलांची मापं मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारच्या संस्थेत घेतली जातात आणि त्यांचे चाचणी अहवाल निघतात. मॉडेलची पीटीओ ताकद समजायला ते उपयोगी आहेत. पण तो अहवाल नव्या नमुन्याचा असतो. समोर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या यंत्राबद्दल तो काही सांगत नाही. समूहाची सरासरी आणि समोरची व्यक्ती यांची गल्लत संशोधनातही रोज होते.

९. निकष घरी लिहा, अंगणात नाही

काका आणि मी आदल्या रात्री एका पानावर तीन रकाने केले. कशाने व्यवहार लगेच थांबेल: कागदपत्रं, दुधाळ ऑइल, तापल्यावर पडणारं प्रेशर, लोडखाली सुटणारा गिअर. कशाने किंमत कमी होईल: टायर, स्टिअरिंगची ढिलाई, लिफ्ट. आणि कशाकडे बघायचंच नाही: रंग, सीट, स्पीकर. हे आधी लिहायचं कारण सरळ आहे. ट्रॅक्टर एकदा मनात भरला की प्रत्येक दोषाला आपणच स्पष्टीकरण शोधून देतो. निकाल बघून गृहीतक बदलणं म्हणतात ते हेच.

दोन मिस्त्री नेले, वेगवेगळ्या वेळी. पहिल्याचं मत दुसऱ्याला सांगितलं नाही. दोघांनाही फेरीचे पैसे दिले, व्यवहार झाला काय न झाला काय. मोजणाऱ्याचा निकालात फायदा नसावा, हा नियम प्रयोगशाळेत जितका खरा तितकाच इथे.

मग काय झालं?

पहिल्या ठिकाणी आम्ही सकाळी सातला पोचलो. रेडिएटरवर हात ठेवला, तो गरम होता. मालक म्हणाला, पहाटे पाण्याचा टँकर आणला. असेलही. आम्ही म्हणालो, उद्या पुन्हा येतो. तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक आहे. आम्ही निघालो. काका वाटेत गप्प होते, कारण ट्रॅक्टर दिसायला खरंच छान होता. तो खराब होता असं मी म्हणत नाही. आम्हाला हवी ती चाचणी झाली नाही, म्हणून आम्हाला ठरवता आलं नाही, इतकंच.

दुसरा ट्रॅक्टर रंग उडालेला, टायर तीस टक्के. थंड असताना दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाला, थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला. तासभर रोटाव्हेटर चालवून प्रेशर टिकलं. लिफ्ट पंधरा मिनिटांत ८, ९ आणि ९ सेंटीमीटर उतरली. स्टिअरिंग ढिलं. दोन्ही मिस्त्रींनी न ठरवता समोरच्या ॲक्सलचं तेच काम सांगितलं. ते काम आणि टायर धरून किंमत कमी झाली, आणि काकांनी तो घेतला. इंजिनचं काम निघालंच तर लागतील तितके पैसे त्यांनी बाजूला ठेवले, कारण शक्यता कमी असली तरी ती शून्य नाही, आणि ऐन पेरणीत उसने मागायची वेळ यायला नको.

आतापर्यंत तो १४० तास चाललाय, काही अडलं नाही. बाबा म्हणाले, "या वेळी बरोबर निवडलास." मी म्हटलं, १२०० तासांनी सांगतो. निर्णय चांगला होता का आणि निकाल चांगला लागला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या संशोधन प्रस्तावातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी घ्या. खाली एक ओळ लिहा, "माझं गृहीतक चुकीचं असेल तर या चाचणीत मला अमुक दिसेल." ती ओळ लिहिता आली नाही, तर तुम्ही गरम करून ठेवलेला ट्रॅक्टर बघताय.